उत्तरपत्रिका कुठे गेल्या?

नेरूळमध्ये आम्ही राहतो त्या वसाहतीत एक शिक्षिका राहतात. जवळच्याच एका शाळेत त्या आठवीला विज्ञान शिकवतात. नोकरी सांभाळून त्यांनी शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातले होते आणि आता गाडी शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे लघुप्रबंधापर्यंत आली होती. एका रविवारी संध्याकाळी टाइप केलेल्या पानांचा गठ्ठा घेऊन त्या घरी आल्या.

"मॅडम, तुम्ही संशोधनातल्या. माझं टी-मूल्य बरोबर आलंय का, एवढंच बघून द्या. मंगळवारी मार्गदर्शकांना दाखवायचंय."

विषय होता आठवीच्या विज्ञानातील धाराविद्युत या भागाचे प्रयोगांच्या साहाय्याने अध्यापन आणि त्याची परिणामकारकता. मी आकडेमोड तपासली. ती अगदी बिनचूक होती. पूर्वचाचणीपेक्षा उत्तरचाचणीचे मध्यमान बरेच वर गेले होते, टी-मूल्य कोष्टकातल्या मूल्यापेक्षा मोठे होते आणि शून्य परिकल्पना रीतसर त्याज्य ठरली होती. गठ्ठा परत देताना मी सहज विचारले, "मुलांनी लिहिलं काय काय होतं? उत्तरपत्रिका बघायला मिळतील का?"

बाई थोड्या गोंधळल्या. "त्या रद्दीत गेल्या हो. गुण उतरवून घेतले ना सगळ्यांचे. कपाटात जागा कुठे असते?"

हा लेख बाईंना दोष देण्यासाठी लिहिलेला नाही. उत्तरपत्रिका जपून ठेवा, असे त्यांना संपूर्ण अभ्यासक्रमात कोणीही सांगितले नव्हते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला मात्र हे ऐकून धक्का बसतो. आमच्याकडे मूळ नोंदी फेकून देऊन फक्त सरासरी जवळ ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही पुन्हा पहिल्यापासून काम करायला लावतो. संशोधनाचे नाव घेणाऱ्या पदवीत मूळ नोंदींची ही गत का होते, आणि त्यात शिक्षकाचे व त्याच्या वर्गातल्या मुलांचे काय नुकसान होते, याचा विचार करावा म्हणून हे लिखाण.

पदवी कशासाठी?

वर्गात शिकवणाऱ्याने शिक्षणशास्त्राचा वरचा अभ्यास करावा ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मुंबई विद्यापीठाने एम.एड. सुरू केले ते १९३६ साली. देशात ही पदवी प्रथम इथेच सुरू झाली. पुढे कितीतरी वर्षे ज्यांना रजा मिळे, किंवा ज्यांच्या गावात महाविद्यालय असे, त्यांनाच ती परवडे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले आणि नोकरी न सोडता शिकण्याची वाट रुंद झाली. देवनारच्या टाटा समाज विज्ञान संस्थेने २००६ साली प्राथमिक शिक्षणाचा एम.ए. अभ्यासक्रम सुरू केला, तोही काही आठवडे संस्थेत येऊन आणि उरलेला काळ आपापल्या गावी राहून करण्याचा होता. नियमित एम.एड. मात्र राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले आणि नोकरदार शिक्षकापासून आणखी दूर गेले. परिषदेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात पुन्हा एका वर्षाचे एम.एड. आणि नोकरी करणाऱ्यांसाठी अर्धवेळ एम.एड. यांचा प्रस्ताव आहे.

शिक्षक ही पदवी का घेतात? मुख्याध्यापकपदाची आशा असते. अध्यापक विद्यालयात शिकवण्याची इच्छा असते. कोणाला घरातली राहून गेलेली हौस पुरी करायची असते. यात गैर काहीच नाही. पण त्याची किंमतही बघावी. शाळेचे सहा-सात तास, तपासणीच्या वह्या, मधूनच येणारी मतदारयादीची किंवा जनगणनेची कामे, घरचा स्वयंपाक, आणि हे सगळे आवरल्यावर रात्री अकराला उघडलेले संशोधनपद्धतीचे पुस्तक. इतके कष्ट करून शिक्षकाच्या हाती काय लागते, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा. पदवीचा कागद लागतो हे खरेच. पण दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहताना त्याला आधी दिसत नव्हते असे काही दिसू लागते का?

पाच प्रकरणांचा सांगाडा

आपल्याकडचे असे लघुप्रबंध ज्यांनी चाळले असतील त्यांना त्यांचा सांगाडा तोंडपाठ असेल. पहिल्या प्रकरणात प्रास्ताविक, उद्दिष्टे, गृहीतके, परिकल्पना, कार्यात्मक व्याख्या, व्याप्ती आणि मर्यादा. दुसऱ्यात संबंधित साहित्याचा आढावा. तिसऱ्यात संशोधनपद्धती, नमुना आणि साधने. चौथ्यात कोष्टके, स्तंभालेख आणि टी-मूल्य. पाचव्यात निष्कर्ष आणि शिफारशी. कार्यात्मक व्याख्यांत "विद्यार्थी म्हणजे इयत्ता आठवीत शिकणारा मुलगा किंवा मुलगी" असेही एक वाक्य सापडते. शिफारशींत शिक्षकांनी प्रयोगांचा वापर करावा, मुख्याध्यापकांनी साहित्य उपलब्ध करून द्यावे आणि पालकांनी सहकार्य करावे असे लिहिलेले असते. एवढ्यासाठी संशोधन कशाला हवे होते, असे वाचणाऱ्याला वाटले तर त्याचे काय चुकले?

हा सांगाडा नैसर्गिक विज्ञानाकडून उसना घेतलेला आहे, त्यामुळे त्याच्या मुळाशी जाणे माझे कामच आहे. टी-चाचणी शोधली ती विल्यम गॉसेट या रसायनशास्त्रज्ञाने. तो डब्लिनच्या गिनेस या दारूभट्टीत नोकरीला होता. सातू, हॉप आणि मद्याच्या मोजक्याच नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढावा, हा त्याच्यापुढचा रोजचा प्रश्न होता. कंपनीच्या नियमामुळे स्वतःचे नाव न घालता 'स्टुडंट' या टोपणनावाने त्याने १९०८ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. पुढे रोनाल्ड फिशर याने इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या शेतकी संशोधन केंद्रात काम करताना प्रयोगाची आखणी कशी असावी याचे शास्त्र रचले. कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यायचे हे शेतकऱ्याच्या मर्जीने ठरवायचे नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, हा त्याचा मुख्य आग्रह. आकडेमोडीचे सूत्र ही त्यानंतरची गोष्ट.

आपल्या लघुप्रबंधांनी सूत्र घेतले, आग्रह मात्र मागेच राहिला.

चाळीस मुले, पण वर्ग एकच

बाईंच्या प्रयोगाची आखणी अशी होती: एक वर्ग, आधी चाचणी, मग प्रयोगांसह अध्यापन, मग पुन्हा तीच चाचणी. डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅनली या दोघांनी १९६३ साली खास शिक्षणातील संशोधकांसाठी लिहिलेल्या एका प्रसिद्ध प्रकरणात नेमक्या याच आखणीचा समाचार घेतला आहे. तिला ते पुरता प्रयोगही म्हणत नाहीत, प्रयोगपूर्व आखणी म्हणतात. तिच्यातले धोके आपल्या वर्गाच्या भाषेत सांगतो म्हटले तर असे सांगता येतील.

पहिला धोका, मधल्या काळात दुसरेच काही घडलेले असणे. नेरूळ-वाशीकडची कितीतरी मुले संध्याकाळी खाजगी क्लासला जातात. बाईंच्या दोन चाचण्यांच्या मधल्या दिवसांत क्लासमध्येही तोच धडा झाला असेल, तर वाढलेल्या गुणांचे श्रेय कोणाचे?

दुसरा, चाचणीचाच परिणाम. एकच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा हातात आली की मुले ती ओळखतात. पहिल्या चाचणीनंतर वर्गाबाहेर "तिसऱ्याचं उत्तर काय लिहिलंस?" अशी चर्चा झालेलीच असते.

तिसरा धोका सर्वांत फसवा आहे, कारण तो दिसत नाही. समजा, एका शिक्षकाने चाचणी घेतली आणि सर्वांत कमी गुण मिळालेली दहा मुले उपचारात्मक अध्यापनासाठी निवडली. त्या दहांत काही खरोखर कच्ची असतात. काहींचा मात्र तो दिवसच वाईट गेलेला असतो. कोणाला ताप होता, कोणी घाईत पान उलटले नाही, कोणाचे अंदाज चुकले. पुढच्या चाचणीत ही दुसऱ्या प्रकारची मुले आपोआप आपल्या नेहमीच्या जागी येतात. शिक्षकाने काहीही केले नसते तरी दहांची सरासरी वर गेलीच असती. फ्रान्सिस गॉल्टन याने एकोणिसाव्या शतकात आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना ही गोष्ट दाखवून दिली होती. तिला सरासरीकडे होणारे परागमन म्हणतात. 'अप्रगत विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक कार्यक्रम' या धर्तीच्या ज्या लघुप्रबंधांत तुलनेसाठी दुसरा गटच नसतो, त्यांतल्या यशाचा काही वाटा गॉल्टनच्या खात्यावर जमा करावा लागेल.

यावर तोडगा म्हणून काही जण दोन तुकड्या घेतात, अ प्रायोगिक आणि ब नियंत्रित. पण अ तुकडी सेमी-इंग्रजीची आणि ब मराठी माध्यमाची, असे कितीतरी शाळांत असते. वाफे चिठ्ठ्या टाकून निवडलेले नसतात. शिवाय अ तुकडीत चाळीस मुले असली तरी ती सर्व एकाच खोलीत, एकाच शिक्षकाकडून, एकाच वेळी शिकलेली असतात. चाळीस स्वतंत्र निरीक्षणे आहेत असे सूत्र गृहीत धरते. खरे पाहता निरीक्षण आहे एका वर्गाचे.

हे सगळे नियम आम्ही शास्त्रज्ञ काटेकोरपणे पाळतो असेही समजू नये. ०.०५ च्या रेषेची पूजा आमच्याकडेही भरपूर चालते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ साली खास निवेदन काढून सांगावे लागले की नुसती ती रेषा ओलांडली म्हणून निष्कर्ष खरा किंवा महत्त्वाचा ठरत नाही. म्हणजे रोग जुना आणि सार्वत्रिक आहे. पण शिक्षकाच्या बाबतीत त्याचे एक खास नुकसान होते.

तीन गुणांच्या मागे काय आहे?

धाराविद्युत हा विषय आपण उदाहरणादाखल घेऊ. साधे परिपथ मुलांना कसे समजतात यावर जगभर खूप काम झाले आहे. न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बोर्न आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुलांशी सविस्तर बोलून त्यांच्या मनातली चित्रे शोधली. ऑस्बोर्न आणि पीटर फ्रायबर्ग यांच्या १९८५ च्या पुस्तकात ती वाचायला मिळतात. एक सेल आणि एक बल्ब जोडला की काय होते, याबद्दल मुलांच्या कल्पना साधारण चार प्रकारच्या असतात.

एक : सेलमधून एकाच तारेने करंट बल्बकडे जातो, दुसरी तार जोडावी लागते, पण तिला फारसे काम नसते.

दोन : सेलच्या दोन्ही टोकांकडून करंट निघतो आणि बल्बमध्ये दोघांची टक्कर होऊन प्रकाश पडतो.

तीन : करंट एका बाजूने जातो, बल्बमध्ये थोडा खर्च होतो आणि उरलेला कमी करंट दुसऱ्या तारेने परत येतो.

चार : करंट परिपथात सगळीकडे सारखाच असतो. ही शास्त्राला मान्य असलेली कल्पना.

आता दोन मुलांची कल्पना करा. दोघांनाही पाचपैकी तीन गुण मिळाले आहेत. एकाच्या डोक्यात टक्कर आहे, दुसऱ्याच्या डोक्यात खर्च. दोघांनाही उद्या वेगळे काही शिकवावे लागणार आहे. गुण लिहिताक्षणी हा फरक पुसला जातो. चाळीस मुलांची सरासरी काढली की तो आणखी पुसला जातो. आणि टी-मूल्यापर्यंत पोहोचेतो मुलगा, मुलगी, बल्ब, तार यांतले काहीच शिल्लक राहत नाही. राहतो एक आकडा. शिक्षकाला वर्गात ज्याचा उपयोग झाला असता ते सर्व रद्दीच्या गठ्ठ्यात असते.

अर्ध्या कागदाचा प्रश्न

मी बाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "पण आता चाचणी होऊन दीड महिना झाला." मी म्हणाले, "मग एकच प्रश्न द्या. गुण देऊ नका."

प्रश्न असा ठरला : एक सेल, आणि एकापुढे एक असे एकसर जोडलेले दोन सारखे बल्ब. कोणता जास्त प्रकाश देईल, की दोन्ही सारखेच देतील? का, ते चित्र काढून सांगा. पुढच्या आठवड्यात बाई वहीची अर्धी अर्धी पाने घेऊन आल्या. आम्ही दोघींनी जमिनीवर बसून त्यांचे ढीग लावले. चार ढिगांत न बसणारी काही पाने निघाली, त्यांचा पाचवा ढीग केला.

सर्वांत उंच ढीग तिसऱ्या कल्पनेचा झाला. पहिला बल्ब करंट वापरतो, म्हणून दुसरा मंद. ज्या मुलांच्या उत्तरचाचणीत भरघोस वाढ झाली होती तीच ही मुले. हे कसे झाले ते प्रश्नपत्रिका पाहिल्यावर कळले. तिच्यात व्याख्या, एकके, रिकाम्या जागा आणि चिन्हे विचारलेली होती. मुलांनी ती पाठ केली होती आणि बरोबर लिहिली होती. करंट परत येतो की संपतो, हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

पाने चाळता चाळता बाई एकदम थांबल्या. "अहो, पण हा प्रयोग मी वर्गात करून दाखवला होता. आणि त्या दिवशी पहिला बल्ब खरंच जास्त लागला होता!"

ही फार मोलाची आठवण होती. बाजारातले टॉर्चचे बल्ब एकाच डब्यातले असले तरी तंतोतंत सारखे नसतात. त्या दिवशी योगायोगाने जास्त उजळणारा बल्ब पहिल्या जागी लागला असावा. मुलांच्या मनात करंट खर्च होण्याची कल्पना होतीच. प्रयोगाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. प्रयोगासह अध्यापन परिणामकारक ठरले होते खरे, फक्त परिणाम उलट्या दिशेने झाला होता.

उपाय सोपा होता. बाईंनी प्रयोग पुन्हा केला आणि या वेळी बल्बांच्या जागा बदलल्या. जास्त उजळणारा बल्ब दुसऱ्या जागीही जास्तच उजळला. म्हणजे फरक जागेचा नव्हता, बल्बचा होता. वर्गात बराच गलका झाला, असे बाईंनी सांगितले. त्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "करंट जर बल्ब खात नाही, तर मग लाइटबिल कशाचं येतं?"

हा प्रश्न ऐकून मला आमच्या कितीतरी पदवीधर विद्यार्थ्यांची आठवण झाली. विद्युतप्रवाह आणि ऊर्जा यांतली गफलत त्यांच्याही मनात असते. सायकलची साखळी फिरते, पण संपत नाही. जेवढी पुढे जाते तेवढीच मागे येते. तरीही पायांनी लावलेला जोर तिच्यामार्फत मागच्या चाकाला पोहोचतो आणि पाय दमतात. तसेच इथे. धारा परिपथात सगळीकडे सारखी असते, ऊर्जा मात्र सेलकडून बल्बकडे जाते आणि तिथे प्रकाश व उष्णता बनते. महावितरणच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात ३६ लाख ज्यूल ऊर्जा. पैसे ऊर्जेचे द्यायचे असतात, करंटचे नव्हे. त्या मुलीच्या प्रश्नाने दोन तासिका खाल्ल्या. बाई म्हणाल्या, सोळा वर्षांत हा धडा असा कधी शिकवला नव्हता.

आता पाहा, शून्य परिकल्पना त्याज्य झाल्याचे सांगणाऱ्या लघुप्रबंधात या मुलीला कुठे जागा आहे? कोणत्या कोष्टकाच्या कोणत्या रकान्यात तिचा प्रश्न लिहायचा?

मग संख्याशास्त्र नकोच का?

तसे मुळीच नाही. प्रश्न कोणता आहे, यावर ते ठरते. 'प्रथम' या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचे उदाहरण घ्या. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच एखाद्या तरुणीने रोज वेगळे शिकवले तर फायदा होतो का, हे मुंबई आणि वडोदरा या शहरांत २००१ ते २००३ या काळात तपासले गेले. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. हजारो मुले, शंभराहून अधिक शाळा, मोजमाप करणारी स्वतंत्र माणसे असा तो पसारा होता. फायदा होतो, असा निष्कर्ष २००७ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. महापालिकेने पैसे कशावर खर्चावे, हा प्रश्न असेल तर असाच अभ्यास हवा.

पण हा प्रश्न एकट्या शिक्षकाचा नाही आणि एका वर्गात तो सुटणारही नाही. उलट त्या मोठ्या अभ्यासाला जे कधी जमणार नाही ते शिक्षकाला जमते. तो त्या मुलांना वर्षभर रोज भेटतो. कोण घाबरून गप्प बसते, कोण शेजाऱ्याचे बघून लिहिते, कोण बरोबर उत्तर चुकीच्या कारणाने देते, हे त्याला ठाऊक असते. हे त्याचे खरे भांडवल. लघुप्रबंध लिहायला बसला की त्याला सांगितले जाते, हे सारे व्यक्तिनिष्ठ आहे, बाजूला ठेवा. भांडवल बाजूला ठेवून उसन्या पैशावर धंदा करायला लावण्यासारखेच हे आहे.

हीच गोष्ट इतरांनी पूर्वी सांगितलेली आहे. कुर्ट लेविन याने १९४६ मध्ये कृतिसंशोधनाची कल्पना मांडली. स्टीफन कोरी याने १९५३ मध्ये ती शाळांकडे वळवली. इंग्लंडच्या लॉरेन्स स्टेनहाउस याने १९७५ च्या आपल्या पुस्तकात शिक्षक हाच संशोधक अशी भूमिका घेतली. रोझालिंड ड्रायव्हर हिचे १९८३ चे पुस्तक तर मुलांच्या उत्तरांचे आणि संभाषणांचे बारकाईने केलेले वाचनच आहे.

आपल्याकडेही हे घडले. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षकांच्या मासिक बैठका होत. वर्गात कोणता प्रयोग फसला, मुलांनी काय विचारले, याच्या नोंदी तिथे मांडल्या जात आणि त्यांवरून पुस्तके बदलली जात. तीस वर्षांनी, २००२ मध्ये, शासनाने तो कार्यक्रम बंद केला, तरी त्याची पुस्तके आजही वाचण्यासारखी आहेत. आणि इतके दूर कशाला? नेरूळहून गाडीत बसले की जुईनगर, सानपाडा, वाशी आणि खाडी ओलांडली की मानखुर्द. तिथले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून याच प्रश्नांवर काम करत आले आहे. महापालिका शाळांतल्या मुलांची अडचण विज्ञानात किती आणि विज्ञानाच्या पुस्तकी भाषेत किती, हा प्रश्न तिथल्या वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार पूर्वीच हाती घेतला होता. मुलांचे शब्द ऐकल्याशिवाय असा प्रश्न सुचतही नाही.

आपल्याकडे बी.एड.पासून कृतिसंशोधन शिकवतात हे मला माहीत आहे. पण तेही एक रकानेवजा काम होऊन बसले आहे. समस्या, कारणे, उपाय, कार्यवाही, निष्कर्ष. आणि निष्कर्ष नेहमी यशस्वी. एखादा उपाय फसला असे लिहिलेले कृतिसंशोधन तुम्ही शेवटचे कधी वाचले? ज्या संशोधनात काहीच फसत नाही, त्यात बहुधा काही शोधलेलेच नसते.

आपल्याला काय करता येईल?

विद्यापीठांचे आराखडे बदलणे आपल्या हातात नाही. मार्गदर्शकांकडे एकेका वेळी बरेच विद्यार्थी असतात. ठरलेला सांगाडा त्यांनाही तपासायला सोपा जातो, हेही समजून घेतले पाहिजे. तरीही जे शिक्षक आज अशा अभ्यासक्रमाला बसले आहेत किंवा बसणार आहेत, त्यांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

विषय निवडताना ग्रंथालयातल्या जुन्या प्रबंधांच्या याद्यांआधी आपल्या वर्गाकडे बघावे. दर वर्षी मुले कुठे अडखळतात आणि का अडखळतात ते आपल्याला कळत नाही, अशी एक जागा प्रत्येक विषयात असते. तोच आपला विषय.

चाचणीत निदान दोन-तीन प्रश्न असे असावेत की ज्यांचे उत्तर पाठ करून देता येणार नाही आणि ज्यांत 'का' लिहावे लागेल.

गुण देण्यापूर्वी उत्तरांचे ढीग लावावेत. शक्य असेल तर दुसऱ्या शिक्षकाला, आपले ढीग न दाखवता, तीच पाने वेगळी लावायला सांगावीत. दोघांचे ढीग जुळले नाहीत तर कुठे आणि का, याची चर्चा करावी. वस्तुनिष्ठता म्हणतात ती यातून येते.

चौथ्या प्रकरणात कोष्टक द्यावे लागत असेल तर द्यावे. पण त्याच्यासोबत मुलांच्या उत्तरांचे नमुने, नाव न देता, त्यांच्याच शब्दांत आणि चित्रांत द्यावेत. याला आक्षेप घेणारा परीक्षक क्वचितच भेटेल. आणि फसलेला प्रयोग लपवू नये.

बाईंचा लघुप्रबंध अखेर होता तसाच सादर झाला. मुदत संपत आली होती आणि आराखडा बदलायला वेळ नव्हता. टी-मूल्य बरोबर असल्यामुळे कोणाची हरकत आली नाही. त्यांना पदवी मिळाली, पेढेही मिळाले. त्या अर्ध्या पानांचा प्रबंधात उल्लेख नाही. ती एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाईंनी शाळेच्या कपाटात ठेवली आहेत. त्यासाठी जागा सापडली. यंदाच्या आठवीला धडा शिकवण्याआधीच तो प्रश्न द्यायचा आणि दोन्ही वर्षांचे ढीग शेजारी शेजारी ठेवून बघायचे, असे त्यांनी ठरवले आहे. या कामाची कोणतीही पदवी मिळणार नाही.

वाचक शिक्षकांनीही एक सेल आणि दोन बल्ब घेऊन हा प्रश्न आपल्या वर्गात द्यावा. बल्बांच्या जागा बदलून बघायला विसरू नये. मुलांनी काय लिहिले ते मासिकाकडे जरूर कळवावे. आणि कळवून झाल्यावर ती पाने रद्दीत देऊ नयेत.